तसराळ्यातले लोण्याचे झाड

मित्रांनो, मी एक जुने लोण्याचे झाड आहे. नाव ऐकून भाकरी घेऊन येऊ नका. ते पडले माझ्या मऊ, पिवळट सालीमुळे. बुंध्यात असते ते पाणी, आणि शेळ्यांना घातक असे विष. म्हणून आमच्या नामाक्वालँडमधले, म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडच्या कोरड्या भागातले शेळीवाले मला दिसताक्षणी उपटतात.

डॉर्कास म्हातारीनेही उपटले. पण खडकाच्या फटीत मुळांना जागाच नव्हती. त्यामुळे मी वीतभर उंच, आणि बुंधा मात्र तिच्या मनगटाहून जाड.

"अगं बाई, हे तर म्हातारं तान्हं बाळ!" ती म्हणाली आणि तिने मला भोक पाडलेल्या उथळ तसराळ्यात लावले. बोन्सायला आकार द्यायला गुंडाळतात तशी तार मला कधी गुंडाळली नाही. थोडी माती, भरपूर ऊन आणि पाणी फक्त हिवाळ्यात, कारण आमचा पाऊस तेव्हाच येतो. तीस वर्षे लोक थांबून माझे वय विचारत.

मागच्या डिसेंबरात, म्हणजे आमच्या दक्षिण गोलार्धातल्या भर उन्हाळ्यात, डॉर्कास खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी महिनाभर शहरात गेली. "माझं झाड सांभाळ गं," एवढेच तिने सुनेला सांगितले. सून फ्रेडा सहा महिन्यांपूर्वीच दूरच्या ऑरेंज नदीकाठाहून लग्न होऊन आली होती.

आठवड्यात माझी पाने पिवळी पडून गळाली. फ्रेडा घाबरली. दिवसातून दोनदा पाणी घालू लागली.

शेजारचे आब्रामकाका कुंपणावरून म्हणाले, "काय सूनबाई, झाडाचा बाप्तिस्मा चाललाय? एकदाच करतात तो!"

"हसा, काका. मा परत आल्या की तोंड कुठं लपवू?"

काका हसत निघून गेले. झाडाला पाणी कधी घालायचे ते तिला खरेच ठाऊक नाही, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हते.

दहाव्या दिवशी बुडाशी कुबट वास आला. फ्रेडाने नखाने माझी साल किंचित खरवडली. आत हिरवे होते. मग तिने मला मातीतून काढले, कुजलेली काळी मुळे सुरीने कापली आणि बियाण्याचा कापलेला बटाटा ठेवतात तसे जखम सुकावी म्हणून मला सावलीत कोरडे ठेवले.

डॉर्कास कुबड्यांवर परतली, तेव्हा मी खिडकीत आडवे पडले होते.

"कुणी केलं हे?"

"मी, मा. मरतंय वाटलं, म्हणून रोज पाणी घातलं."

"मरतंय? अगं, ते उन्हाळ्यात झोपतं! शेंबड्या पोरालाही कळतं!" तिने अंगठ्याने माझी सुकलेली जखम चाचपली. "आणि हे कापायला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. नखानं पाहिलं, तर आत जीव होता."

डॉर्कास खुर्चीत टेकली. "तुमच्याकडे पाऊस कधी पडतो गं?"

"उन्हाळ्यात, मा. तेव्हाच झाडं पालवतात."

"सहा महिने झाले तुला येऊन," म्हातारी हळूच म्हणाली. "मी एकदाही विचारलं नाही."

त्यांनी मला पुन्हा तसराळ्यात लावले, पण पुढचे चार महिने मी जगणार की नाही, हे मलाही माहीत नव्हते. मे महिन्यात, आमचा हिवाळी पाऊस सुरू होताच, माझ्या शेंड्याला एक पान फुटले. ते आधी फ्रेडाला दिसले.

मित्रांनो, पाने गाळणारा प्रत्येक जण मरत नसतो. पाणी ओतण्याआधी आणि रागावण्याआधी एवढेच विचारा: तुझा पाऊस कधीचा?