लंबू पेंटरची शिडी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी शिडी आहे. माझ्या अंगावर जितके रंग सांडले आहेत, तितके तुमच्या रंगपेटीतसुद्धा नसतील. सध्या माझा मुक्काम रंगांच्या दुकानामागच्या बोळात असतो. मांजर माझ्यावर अंग घासते, दुकानदार माझ्यावर ओली फडकी वाळत घालतो. माझी त्याबद्दल काही तक्रार नाही.

एका सुताराने मला घडवले. पायऱ्या ठोकताना तो स्वतःशीच म्हणायचा, "माणसाचा जीव पेलायचाय हिला." मग मी पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरच्या हाती आले. या रस्त्यावरच्या सगळ्या दुकानांची नावे त्याने माझ्यावर उभे राहून लिहिली. त्याचे अक्षर असे देखणे, की लोक काहीही घ्यायचे नसताना थांबून पाटी वाचत. रस्त्यावरची पोरे खाली उभी राहून मान मोडेपर्यंत वर बघत. त्या पोरांनीच त्याचे नाव लंबू पेंटर ठेवले. ते सगळ्यांच्या तोंडी बसले आणि खरे नाव बहुतेकांनी विचारलेच नाही. पुढे तो तापाने फणफणला आणि त्यातच गेला. काही वर्षांनी छापील पाट्या आल्या आणि माझी रवानगी बोळात झाली.

मध्ये बराच काळ गेला. मग परवा एक बाई आली. केस पांढरे, हातात पिशवी, पायात प्रवासाची धूळ. रंगवाला फडकी काढायला बोळात आला होता, त्याच्या मागोमाग तीही आली. वडिलांचे नाव सांगून म्हणाली, "पेंटर होते. मी लहान असताना आजोबांशी भांडून घर सोडलं त्यांनी. आजोबांनी त्यांचं नाव काढायलाही बंदी केली. ते आम्हाला विसरले, असंच ऐकत मोठी झाले मी. मामानं मरताना या रस्त्याचा पत्ता तेवढा सांगितला. मला एकच कळायला हवं. त्यांना आमची कधी आठवण यायची का?"

"दिसायला कसे होते?" रंगवाल्याने विचारले.

"बुटके. आई सांगायची, फळीवरचा डबा काढायलाही पाट लागायचा."

"मग ते इथले नव्हेत, ताई. इथे एकच पेंटर होता, आणि तो ताडमाड उंच!"

बाईचा चेहरा उतरला. आणि मी? तोंड असते तर ओरडून सांगितले असते. अहो, तो चांगलाच बुटका होता! पण तो जमिनीवर कमी आणि माझ्यावर जास्त असायचा. हा रंगवाला तेव्हा अर्ध्या चड्डीत खाली उभा. उंची माझी, नाव मात्र पेंटरचे झाले.

बाई जायला निघाली. रंगवाला माणूसवेल्हाळ, म्हणाला, "चहा तरी घ्या." त्याने बोळाच्या तोंडाशी बाक टाकला. बाजूच्या किराणा दुकानातल्या आजी चहाच्या वासाने आल्या. लंबूचे नाव ऐकताच त्यांना सुरसुरी आली.

"उंच म्हणजे किती उंच! माडीच्या खिडकीतून आत डोकवायचा तो!"

समोरच्या, आजींहूनही वयाने बऱ्याच मोठ्या शिंपीकाकांचे आणि आजींचे एका बिघडलेल्या ब्लाउजवरून कित्येक वर्षे बोलणे बंद होते. म्हणून आजींसमोर काकांना बोलवायचे कुणाच्या मनात आले नव्हते. पण आजींची ही थाप काकांना सहन होईना. मशीन थांबवून ते रस्ता ओलांडून आले.

"काहीतरीच काय बोलतेस गं! त्याच्या पँटी मी शिवल्यात. प्रत्येक पँटमागे एक पिशवी होईल इतकं कापड उरायचं!"

 मग आजींनाच हसू फुटले, आणि काकांशी बोलायचे नाही हे त्या विसरूनच गेल्या.

बाई हसत नव्हती. तिने काकांना वडिलांचे नाव सांगितले. काकांनी चष्मा काढला.

"तू त्याची मुलगी? अगं, तुझे फ्रॉक मीच शिवायचो. दर वर्षी एक. माप विचारलं, की तो ही शिडी भिंतीला लावायचा, पायरीवर हात ठेवायचा आणि म्हणायचा, 'आता एवढी झाली असेल.' मी म्हणायचो, अरे, तुझी पोर आहे, एवढी उंच कुठून होणार? पण ऐकेल तर शपथ!"

"ते फ्रॉक तर मामा आणायचा," बाई हळूच म्हणाली. "सगळे लांब व्हायचे. आई खालून दुमडून शिवायची."

"मामाच्याच हाती द्यायचा तो. आजोबांना कळलं तर फेकून देतील, ही भीती."

बाईने पिशवी खाली ठेवली. ती माझ्याजवळ आली, काकांनी दाखवलेल्या पायरीवर तळहात ठेवून उभी राहिली आणि मनसोक्त रडली. मग डोळे पुसून आजींशेजारी बसली आणि म्हणाली, "अजून सांगा." चहा पुन्हा मांडला गेला. इस्त्रीवाला आला, न्हावी आला. लंबू शीळ कशी घालायचा, त्याला कशाचा राग यायचा, सगळे निघाले. जाता जाता आजींनी काकांना विचारले, "माझ्या आईचे कपडे पण तुम्हीच शिवायचात ना? ती कशी होती हो तरुणपणी?"

मी खूप सुखी आहे, मित्रांनो. पण एक विनवणी आहे. तुमच्या घरातल्या माणसांबद्दल तुम्हाला घरात कळेल त्याहून पुष्कळ शेजारपाजाऱ्यांना ठाऊक असते. त्यांना विचारा. एकेकट्याला नको, सगळ्यांना एका बाकावर बसवून विचारा, आणि थोडे भांडू द्या. फक्त उशीर करू नका. शिंपीकाका आता फार थकले आहेत. त्या दिवशी ते दुकान उघडायला आले नसते, तर ती बाई पोरकीच परत गेली असती.