ओढ्यापलीकडचे नव्याण्णव रुपये

मूळ खेळ

कडूबाची शेळी हरवली तेव्हा त्यानं तीन दिवस अख्खं गाव पालथं घातलं. अख्खं म्हणजे ओढ्याच्या अलीकडचं. देवळामागची झाडी, गिरणीचा आडोसा, शाळेचा बंद पडलेला संडास, तातेरावांचा मोसंबीचा बाग, काही ठेवलं नाही. चौथ्या दिवशी शेळी सापडली ती ओढ्यापलीकडं, भीमनगरात, गिरिजाबाईच्या अंगणात. तिन्ही दिवस ती तिथंच होती. गिरिजाबाईनं काठावर उभं राहून त्याला दोनदा हाकही मारली होती. कडूबाला ती ऐकू गेली. पण पलीकडून हाक आली म्हणजे मजुरीचंच काहीतरी असणार, असं धरून तो दुसऱ्या दिशेनं चालू लागला. शेळी आणायलाही तो स्वतः गेला नाही, सालगड्याला पाठवलं.

ओढ्यावर फरशी आहे, म्हणजे ठेंगणा पूल. पलीकडं जायला दोन मिनिटं लागतात.

गिरिजाबाई ही दीपमालाची आत्या. दीपमाला संभाजीनगरला कॉम्प्युटर शिकली, पुण्यात चार वर्षं दुसऱ्यांच्या खेळांमधली झाडं रंगवली, आणि मग घरी येऊन या शेळीवर स्वतःचा खेळ केला. मोबाइलवरचा. खेळणारानं कडूबा व्हायचं, घरोघर जायचं आणि शेळी दिसली का म्हणून विचारायचं. दोन वर्षं ती फोन घेऊन गावात हिंडली. ज्या घराचं उत्तर त्याच घरच्या माणसाच्या तोंडून रेकॉर्ड केलं. कडूबानं तर स्वतःच स्वतःचा आवाज दिला. पैसे कोणीच मागितले नाहीत.

घर पहिलं: "शेळी? हितं आमची म्हैस सापडना, अन् तू शेळीचं घेऊन बसला."

घर सहावं: "दिसल्ती एक. पण ती तुझी नसंल. तुझी असती तर आमची मेथी राह्यली नसती."

घर अकरावं: (दार उघडत नाही. आतून टीव्हीचा आवाज येतो.)

घर एकोणिसावं: "आधी बस. पाणी पी. तुझ्या भावानं बांध कोरला त्याचं बोल, मंग शेळीचं बघू."

असं करत करत फरशी ओलांडायची. पलीकडं बावीस घरं, विहार, हातपंप. शेवटी गिरिजाबाईचं अंगण. शेळी मान वर करून बघते आणि खेळ संपतो.

कराराची अट

पुण्याच्या एका कंपनीला खेळ आवडला. कंपनीतर्फे बोलणारा कल्याण मूळचा भोकरदनकडचा होता. त्यामुळं तो पहिली पाच मिनिटं पाऊसपाण्याचं बोलला आणि मग मुद्द्यावर आला.

"एकच बदल करू. ओढ्यापर्यंतचा खेळ फुकट. फरशीवर कुलूप. पलीकडं जायचे नव्याण्णव रुपये."

"शेळी पलीकडं आहे," दीपमाला म्हणाली.

"म्हणूनच."

"म्हणजे शेळी सापडायच्या आत खेळ संपवायचा?"

"संपवायचा नाही. थांबवायचा."

मग त्यानं समजावून सांगितलं. जादा भागाला माणसं लागतात, माणसांना पगार लागतो. तू पुण्यात झाडं रंगवायचीस त्याचा पगार कुठून यायचा? हे खोटं नव्हतं. तिनं रंगवलेल्या एका बागेत शिरायचे लोक वेगळे पैसे भरत आणि तिचं घरभाडं त्यातूनच निघे.

"पण ती बाग खेळ विकल्यानंतर केली होती," ती म्हणाली. "हे तर झालेलं आहे. झालेल्यातून कापायचं आणि वेगळं विकायचं."

"आधी केलं का नंतर, घेणाराला काय कळतंय?"

"मला कळतंय."

"शुक्रवारी करार घेऊन येतो," कल्याण म्हणाला. त्याच्या आवाजात राग बिलकुल नव्हता. "गावातच सगळ्यांना दाखवू. लोक काय म्हणतात ते बघ, मग सही कर."

सही झाली तर खेळ देशभर जाणार होता. नाही झाली तर तो तिच्या लॅपटॉपमध्ये राहणार होता. आणखी एक वर्ष घरी बसून काढायची तिची ऐपत नव्हती, आणि हे घरात सगळ्यांना ठाऊक असून कोणी बोलत नव्हतं.

त्या संध्याकाळी तिनं कुलूप लावून बघितलं. दोनदा क्लिक करण्यापुरतं काम. नकाशावर ओढ्याच्या अलीकडचं गाव रंगीत राहिलं आणि पलीकडचं राखाडी झालं. विहार राखाडी, हातपंप राखाडी, तिचं स्वतःचं घर राखाडी. वर बारीक अक्षरांत: *हा भाग मूळ खेळात समाविष्ट नाही.*

वाक्य कंपनीचं होतं. तिनं ते जसंच्या तसं ठेवलं.

मोफत नमुना

शुक्रवारी दुपारी ग्रामपंचायतीच्या सभागृहात कल्याणनं फोन टीव्हीला जोडला. पहिल्यांदा खेळायचा मान कडूबाला मिळाला. तो खुर्चीत पुढं सरकून बसला आणि एकेका घरी जाऊ लागला. स्वतःचं घर आलं की लोक हसत, दुसऱ्याचं आलं की जास्त हसत. तातेराव तर आपला बाग टीव्हीवर बघून उभेच राहिले.

घरं संपली. टीव्हीतला कडूबा फरशीवर आला आणि थांबला. स्क्रीनवर कुलूप आलं. खाली नव्याण्णव.

"हे काय आलं?" खुर्चीतल्या कडूबानं विचारलं.

"पुढचा भाग वेगळा आहे, काका. शेळी तिकडंय," कल्याण म्हणाला.

"तिकडंच हाय की. मला म्हाईत हाय."

"तिकडं जायचे पैसे लागतात."

कडूबानं कुलपावर बोट दाबून बघितलं. मग जरा जोरात दाबून बघितलं.

"शेळी माझी," तो म्हणाला.

"हो."

"हा माणूस मी."

"हो."

"मंग मी माझी शेळी आणायला तुम्हाला काहून पैसे देऊ?"

"कडूबा, कोंडवाड्याचा ठेका तुझ्याकडं होता तवा तू घ्यायचाच की," मागून तातेराव म्हणाले. "माझ्या गाईचे दोनदा घेतले."

"कोंडवाड्याचं वेगळं. तुमची गाय लोकायच्या रानात घुसल्ती. मी काय तुमच्या गोठ्यातून सोडून आणत नव्हतो."

"एकदा आणल्ती."

"ते सोडा."

सभागृह हसलं. पण तातेरावांचं लक्ष तोवर दुसरीकडं गेलं होतं. ते टीव्हीजवळ जाऊन बारीक अक्षरं वाचत होते.

"म्हणजे आमचा बाग फुकटात, अन् भीमनगर बघायचं तर नव्याण्णव?"

"तसंच काही..." कल्याण म्हणाला.

"असं काय हाय तिकडं?"

खरं म्हणजे कोणालाच नीट सांगता आलं नसतं.

"माझ्या बागेला पण कुलूप लावा," तातेराव म्हणाले. "पन्नास ठेवा कमीत कमी. फुकट दिलं की लोक किंमत करत न्हाईत." एवढं बोलून त्यांनी आपला फोन काढला. "अन् ते नव्याण्णव कुठं भरायचे तेवढं दाखवा. बघू तर."

त्यांच्या मागं आणखी तिघांनी फोन काढले.

कल्याणनं दीपमालाकडं बघितलं. लोक कुलूप बघून परत फिरतील, हे दीपमालाचं गणित मात्र चुकलं होतं. कुलूप नव्हतं तेव्हा तिनं हाच खेळ याच माणसांना देऊन बघितला होता. फरशीपर्यंत यायचे, "संपला वाटतं" म्हणायचे आणि फोन परत द्यायचे. कोणी कोणी म्हणायचं, शेळी ठेवायची राहिली वाटतं तुझी. आज कुलूप लावल्यावर तेच लोक खिशात हात घालून पलीकडं जायला निघाले होते. बावीस घरं तिनं दोन वर्षं खपून केली, आणि ती बघावीशी वाटायला कंपनीचं एक बारीक वाक्य पुरलं.

करार टेबलावर होता. पेन त्याच्यावर आडवं ठेवलेलं होतं.

कडूबा खुर्चीतून उठला.

"चला," तो कल्याणला म्हणाला.

"कुठं?"

"साक्ष काढू. शेळी दिली तवा गिरिजाबाईनं काय घेतलं ते तिलाच विचारू. तिनं पैसे घेतले असतील तर मीबी भरतो. बराबर का न्हाई?"

आणि तो सभागृहाबाहेर पडला.

रस्ता

सभागृह, देऊळ, गिरणी, फरशी. फरशीवरून पाणी जेमतेम वाहत होतं. कडूबानं तरी चपला हातात घेतल्या. त्याच्या मागं कल्याण, कल्याणच्या मागं तातेराव, त्यांच्या मागं लॅपटॉपची पिशवी घेतलेली दीपमाला, आणि मग ज्यांना दुपारी दुसरं काम नव्हतं ते सगळे. पलीकडं पोचल्यावर कडूबानं चपला घातल्या आणि उभा राहिला. गिरिजाबाईचं घर कुठलं ते त्याला ठाऊक नव्हतं.

"डावीकडं, काका," दीपमाला म्हणाली. "हातपंपाच्या पुढं."

साक्ष

गिरिजाबाई शेंगा फोडत बसली होती. अंगणात एवढी माणसं बघून तिनं आधी पदर सावरला आणि मग दीपमालाकडं बघितलं.

"कोण गेलं?"

"कोणी न्हाई, आत्या."

"गिरिजाबाई," कडूबा म्हणाला, "ह्या साहेबाला सांगा. माझी शेळी तीन दिवस तुमच्याकडं होती तवा तुम्ही काय घेतलं?"

"दूध."

"कुठलं दूध?"

"शेळीचंच. तीन दिवस काढलं."

कडूबाला हे नवीन होतं. "ते आज कळून राह्यलं," तो म्हणाला. "बरं. पैसे?"

"पैसे कशाचे?"

"ऐका," कडूबा कल्याणकडं वळून म्हणाला.

कल्याणनं नीट सगळं समजावलं. खेळ, फरशी, कुलूप, नव्याण्णव रुपये. गिरिजाबाईनं शेंगा बाजूला ठेवून ऐकलं.

"म्हणजे मला भेटायचे पैसे," ती म्हणाली.

"तसं नाही, मावशी. जादा भागाचे."

"मी जादा हाय?"

"तुमचा भाग."

गिरिजाबाईनं विचार केला. "बाबा, चारा घातला असंल तर चाऱ्याचे घ्यावेत. त्याला कोणी ना म्हणत न्हाई. पण आपणच जनावर आत बांधायचं अन् दावं सोडायचे पैसे मागायचे, हे मी तरी केलं न्हाई." मग ती उठली. "चहा ठेवते. किती जण हाइत?"

"माझा चहा झालाय," कडूबा म्हणाला.

ती आत गेली होती. भांड्याचा आवाज आला. कडूबा चपलेनं अंगणातली माती उगाच सारखी करत राहिला. थोड्या वेळानं तो दाराकडं तोंड करून म्हणाला, "साखर कमी टाका."

तेवढ्यात दीपमालानं ओट्यावर बसून लॅपटॉप उघडला आणि कुलूप काढलं. लावताना दोन क्लिक लागले होते, काढताना तीन. सॉफ्टवेअर एकदा विचारतं, नक्की का म्हणून.

कल्याणनं अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन पुण्याला फोन लावला. बराच वेळ बोलला. त्यानं तिची बाजू मांडली, हे तिला अर्धवट ऐकू आलं. परत आला तेव्हा चहा निवत आला होता.

"न्हाई म्हणतात," तो म्हणाला. पुण्याला गेल्यापासून तो पहिल्यांदाच 'न्हाई' म्हणाला असावा. "म्हणतात, लोकांनी स्वतःहून फोन काढले म्हणजे कुलूप बरोबर आहे."

"बरोबर आहे," दीपमाला म्हणाली. "पण शेळी मूळ खेळातच सापडली पाहिजे."

"मग करार होत नाही."

"नाही होत."

कल्याणनं चहा संपवला, बिनसहीचा करार घडी करून बॅगेत ठेवला आणि गिरिजाबाईला नमस्कार करून गेला. तातेरावांनी जाताना दीपमालाला विचारलं, बागेच्या कुलपाचं काही होईल का. ती नाही म्हणाली.

जोडभाग

तिनं खेळ स्वतःच बाजारात ठेवला. पूर्ण खेळ, एकच किंमत, आत आल्यावर पुन्हा कोणी काही मागणार नाही. देशभर तो गेला नाही. जालना, परभणी, थोडा पुण्यात. जून लागल्यावर तिनं जवळच्या तीर्थपुरीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये सकाळची शिकवणी धरली आणि उरलेल्या वेळात नवीन भाग करायला घेतला. सात महिने लागले. त्याचे तिनं तीस रुपये ठेवले. हा चारा होता, आणि तो तिनं घातला होता.

नवीन भागात खेळणारानं गिरिजाबाई व्हायचं. तेच तीन दिवस. शेळीला पाणी, शेळीला पाला, दूध. ओढ्याच्या काठावर गेलं की पलीकडून शेळीला बोलावणारा कडूबाचा आवाज येतो, "बांडे, ये, बांडे." खाली एक बटण आहे: *हाक मार.*

कडूबा क्लाससमोर येऊन उभा राहिला तेव्हा ती दाराला कुलूप लावत होती.

"मला फुकट मिळंल का? शेळी माझीच हाय."

"न्हाई, काका. हे नवीन केलंय. तीस रुपये."

त्यानं कुरकुर केली, पण भरले. मग पायरीवरच बसून खेळायला लागला. दीपमाला शेजारी उभी राहिली, कारण त्याच्या फोनचा काही भरवसा नव्हता.

तो काठावर पोचला. पलीकडं टीचभर उंचीचा कडूबा झाडीत शेळी शोधत होता. पायरीवरच्या कडूबानं बटण दाबलं. गिरिजाबाईची हाक गेली. "ओ कडूबाभाऊ." पलीकडचा माणूस थबकला आणि दुसऱ्या दिशेनं चालू लागला.

त्यानं पुन्हा दाबलं. मग पुन्हा. रस्त्यावरून एक टेम्पो गेला तेव्हा त्यानं फोन कानाजवळ धरून, हाक नीट जाते का, ते ऐकून बघितलं.

"बटण बिघडलंय," तो म्हणाला.

"न्हाई, काका."

"मंग तो वळत काहून न्हाई?"

"तवा तुम्ही वळला न्हाईत."

कडूबानं आणखी चार-पाच वेळा दाबलं. माणूस प्रत्येक वेळी थबकायचा आणि जायचा.

"तो वळंल असं काही करता येतं का ह्यात?"

"येतं. महिनाभर लागंल."

"मंग कर," कडूबा म्हणाला. फोनवरची नजर त्यानं काढली नव्हती. "त्याचे वेगळे किती घेशील?"

दीपमाला त्याच्या शेजारी पायरीवर बसली, आणि तो पुन्हा बटण दाबत राहिला.