पहिल्या पाण्याचं बोट

तुळजाबाईंनी कुलूप एकदा ओढून पाहिलं, मग पुन्हा ओढलं. विहिरीला कुलूप लावता येतं हेच मुळी त्यांच्या पचनी पडत नव्हतं. विहिरीवर लोखंडी जाळी होती आणि शेजारच्या नगरपालिकेच्या पाटीवर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'पाणी पिण्यास अयोग्य'.

"आजी, मी घरीच म्हणलं होतं, उघडणार न्हाईत," नात उज्वला म्हणाली. बाळंतपणाला आलेली ती, पदराखाली सव्वा महिन्याचं लेकरू घेऊन मागं उभी होती.

"पूजेपुरती उघडतील वाटलं. मग बाळंतिणीनं काय नळाची ओटी भरायची व्हय?"

उदगीरच्या या गल्लीत बाळंतिणींना न्हाऊ घालावं ते तुळजाबाईंनीच. घर हिंदूचं असो की मुसलमानाचं, शेक-शेगडीला हात त्यांचाच. सव्वा महिना झाला की बाळंतिणीला या विहिरीवर आणायचं, कळशी भरायची आणि त्या पाण्यात बोट बुडवून लेकराच्या जिभेवर एक थेंब सोडायचा. बोट लावल्याशिवाय लेकरू गल्लीचं होत नाही, असं त्या सांगत. थोडा तोराही होता त्यांना त्या बोटाचा, आणि का नसावा?

मग पाण्याची तपासणी झाली. नाल्याचं पाणी आत झिरपतंय म्हणाले. कधीपासून, ते कुणालाच सांगता येईना. तेव्हापासून तुळजाबाईंचं मन थाऱ्यावर नव्हतं. जेवताना मध्येच थांबून त्या आपल्या बोटाकडं बघत बसायच्या.

समोरच्या दारातून आबेदा आली. "अक्का, एवढ्या उन्हात काय करून राहिल्या?"

"आबेदा, तुझ्या अबुजरला म्या ह्येच पाणी पाजलं."

"हाव."

"मग त्याला जुलाब झालते. लई वाळलं होतं लेकरू."

"दात येत होते, अक्का."

"दाताचंच असंल का पण?"

आबेदानं आपल्या दाराकडं बोट दाखवलं. मग म्हणाली, "आता चौकटीला डोकं लागतंय त्याचं. माझं ऐकत न्हाई तेवढं. त्यात पाण्याचा काय कसूर?"

उज्वलाला हसू आलं. तुळजाबाईंना आलं नाही.

आबेदानं घरातून तांब्याभर जारचं पाणी आणून त्यांच्या रिकाम्या कळशीत ओतलं. "पूजा तर करा."

तुळजाबाईंनी जाळीला हळदकुंकू लावलं. उज्वलानं कट्ट्यावर खण-नारळ ठेवला. मग वाकून तुळजाबाईंनी जाळीला तोंड टेकवलं. खालून गारवा आला, ओल्या दगडाचा वास आला. लग्न होऊन आल्यावर पहिली कळशी ओढली तेव्हा आला होता तोच. त्यांना ते पाणी हवं होतं. ओंजळीतून कोपरापर्यंत ओघळणारं, दात शिवशिवणारं ते पाणी एकदा तरी हवं होतं.

"वास तोच हाय गं," त्या म्हणाल्या. "आत असं काय झालं असंल, कळतच न्हाई."

त्यांनी कळशीत बोट बुडवलं आणि लेकराकडं वळल्या. लेकरानं आ केला. अंगावरच्या दुधाशिवाय सहा महिने काही द्यायचं नाही, असं दवाखान्यातल्या सिस्टरनं बजावलं होतं. उज्वलाच्या ओठावर ते आलंही, पण आजीचा चेहरा बघून ती थांबली.

बोट लेकराच्या ओठापाशी थोडा वेळ तसंच राहिलं. मग तुळजाबाईंनी ते मागं घेतलं, पदराला मात्र पुसलं नाही. पुन्हा बोट बुडवलं आणि जाळीतून हात मनगटापर्यंत आत घातला.

"घे, माय," त्या विहिरीला म्हणाल्या.

थेंब सुटला. पाणी फार खाली होतं, आवाज येणार नव्हताच. तरी तिघीजणी वाकून ऐकत राहिल्या, लेकरू दुधासाठी रडायला लागेपर्यंत.