चालीचा खालचा आवाज

मास्तरांनी आयुष्यात एकच चाल बांधली. गावोगावच्या ख्रिस्ती देवळांत ती गातात, पण बांधली कुणी, हे कुणाच्या गावीही नाही. गीतांच्या पुस्तकात नावाच्या जागी नुसती रेघ. मास्तरांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्यांना वेगळंच काहीतरी खात होतं.

त्या चालीला जोडीनं गायचा दुसरा, खालचा आवाज होता, आणि तो त्यांनी कधी कागदावर उतरवलाच नाही. गायनमंडळात शिवणकाम करणारी एक मुलगी होती, तिला तेवढा तोंडी शिकवला. चांगले पाच महिने, रोज संध्याकाळी, तिच्या मशीनशेजारी स्टुलावर बसून! शिकवताना तोंडाचा पट्टा चालू, पण लग्नाचं विचारायचं म्हटलं की दातखीळ. शेवटी ती भावाकडे दूर शहरात निघून गेली. चाळीस वर्षं झाली. आपलं मन तिला कळलं होतं का, एवढंच मास्तरांना हवं होतं. पण विचारणार कुणाला, कपाळ!

त्या रविवारी बाहेरगावचं गायनमंडळ आलं. मास्तर ऑर्गनवर होते. दुसऱ्या कडव्याला मागच्या रांगेतून खालचा आवाज उठला. तोच!

उपासना संपताच त्यांनी मागच्या रांगेतल्या बाईंना गाठलं.

"ताई, हा आवाज तुम्हाला कुणी शिकवला?"

"आमच्या मावशींनी. कपडे शिवायच्या. माप द्यायला गेलं की आधी आमच्याकडून गाऊन घ्यायच्या."

"घ्यायच्या म्हणजे?"

"गेल्या हो, उन्हाळ्यात."

मास्तर बाकावर बसले. बाईही शेजारी टेकल्या.

"फार हसवायच्या. त्यांना शिकवायला म्हणे कुणी रोज यायचे. मावशींना दोन दिवसांत पाठ झालं होतं, पण तिसऱ्या ओळीत मुद्दाम चुकायच्या. बरोबर गायले तर उद्या कशाला येतील, म्हणायच्या. पाच महिने चुकल्या बघा! आणि त्या भल्या माणसाने शेवटपर्यंत काही विचारलंच नाही. लग्न नाहीच केलं मावशींनी."

मास्तर बाईंकडे वळले.

"ती चूक येते तुम्हाला?"

"येते की. हटकून वर जायच्या." बाईंनी तिसरी ओळ धरली आणि सूर वर नेला.

"अगं, खाली... जरा खाली," मास्तर म्हणाले, आणि त्यांना रडू आवरेना.