चौघांचा तंबू

माझ्या पोटात काय म्हणून राहत न्हाई. शेजारणीनं चहात साखर कमी टाकली तरी मी तिच्या तोंडावर सांगून मोकळी व्हते. रंजनाला गुपित सांगायचं म्हंजी गावात दवंडी पिटायची, असं माझ्या नणंदा म्हणत्यात. म्हणू द्या. एकच गोष्ट मी पोटात ठेवली, आणि ती माझ्या पोटच्या पोरीपासनं.

आमच्या घरात भुईवर कुणी झोपत न्हाई. आंदर मावळात कुटंबी जा, सारवलेल्या भुईवर घोंगडी टाकून माणसं निवांत घोरत्यात. आमच्यात मातर खाट पाहिजे. पाव्हणा आला आन् खाट कमी पडली तर शेजारच्या अनिताची उचलून आणायची, पण भुईवर कुणी पडायचं न्हाई. वरनं मच्छरदाणी, तिची कड गादीखाली खोचलेली, आणि निजायच्या आधी माझी सासू सावित्राबाई बॅटरी घेऊन खाटंखाली वाकून वाकून बघणार. माझी सारिका ल्हान व्हती तवा विचारायची, असं का गं आज्जे? म्हातारी म्हणायची, भुईची ओल बाधती. पोर तेच ऐकत मोठी झाली.

आता ती कामाला लागलीय. लोणावळ्याच्या पलीकडं मोठाल्या झुल्यांचं पार्क झालंय, तितं तिकिटाच्या खिडकीत बसती. लोणावळ्यातच मैत्रिणीसंगं खोली घेऊन राहती आन् सुट्टीला घरी येती. त्या पार्कवाल्यांनी आपल्या हॉटेलामागं तंबूंचं मैदान केलं. गिऱ्हाईक यायच्या आधी कामावरच्या माणसांनी आपापल्या घरच्यांना एक रात आणून तितं राहून बघावं, कुटं काय कमी हाय ते सांगावं, असं त्यांनी ठरवलं. झालं! पोरीच्या अंगात वारं शिरलं. टाकव्याच्या जीपमधनं उतरली ती तंबूचंच बोलत.

"आई, आपण कधी कुठं गेलोच नाही गं," म्हणाली. खरंच हाय ते. जेजुरी एकदा झाली, बाकी समदं घर ते खाचर आन् खाचर ते घर. तिला वाटलं, आईला आन् आज्जीला एकदा तरी उजेडातले झुले दाखवावेत, संगं जेवावं, संगं निजावं. चांगलं लेकरू हाय माझं. पण मी ऐकलं आन् माझ्या हातची भाकरी तव्यावर करपली.

मी लगीच म्हणलं, तुझ्या आज्जीला ओल बाधती. सारिका म्हणाली, खाली दोन प्लास्टिकं, त्यावर जाड गादी. मी म्हणलं, म्हातारीचे गुडघे, खालनं उठवायचं कुणी? तर म्हणती, पंपानं हवा भरायची गादी मिळते, खुर्चीएवढी उंच. म्हशीला कोण बघंल म्हणलं, तर ही बया अनिताला आधीच सांगून आली व्हती. थंडी म्हणलं तर झोपायची पिशवी दाखवली मोबाईलवर, गळ्यापातूर चेन लावायची. म्हातारी म्हणाली, मला काय भाताचं पोतं समजलीस का? पोर हसून हसून लोळली. मलाबी हसू आलं, मग हसता हसता मी थांबले, कारण आमच्याकडचं एकेक कारण सरत चाललं व्हतं आन् खरं कारण तेवढं उरलं व्हतं.

तंबू चौघांचा व्हता. आमी तिघी आन् चौथा कैलासमामा, असं तिनं परस्पर ठरवलं. कैलास माझा धाकटा भाऊ, लोहगडवाडीला गडाच्या पायथ्याशी त्याची पिठलं-भाकरीची टपरी हाय. भाचीवर त्याचा लय जीव. सणावाराला येणार, तिला काय बाय आणणार, पण दिस कलला की निघणार. कितीबी पाऊस असू दे, जेवण ताटात असू दे, कैलास आमच्या घरी रातीला राहत न्हाई. सारिका त्याला चिडवायची, मामा तू कोंबडी आहेस का, अंधार पडायच्या आत खुराड्यात?

जेवताना तिनं अजून एक फोटू काढला. दोन झाडांना बांधलेली रंगीत कापडाची झोळी. "हे बघ आज्जे, मी ह्यात झोपणार. मामा खाली बसून दोरी ओढणार."

म्हातारीनं ताट सारलं. पोट भरलं म्हणाली आन् उठून गोठ्यात गेली. सारिका माझ्याकडं बघत बसली, आपलं काय चुकलं म्हणून. मी तिला वाढलं आन् गप जेव म्हणलं. म्हातारी म्हशीच्या आडोशाला उभी राहून रडत व्हती, हे मला न बघताच ठावं व्हतं.

आता तुमाला सांगते. तिला न्हाई सांगितलं, पण कुणाला तरी सांगितल्याबिगर माझा जीव राहायचा न्हाई.

सारिका माहेरी झाली माझी. ती तीन महिन्यांची झाली तवा कैलास आमाला दोघींना सासरी पोचवायला आला. तवा घरात एकच खाट. पाव्हणा तो, बायकोचा भाऊ, त्याला खाट दिली आन् आमचे मालक भुईवर निजले. त्यात नवल ते काय, अख्ख्या मावळात अशीच रीत. पोरीची ह्या घरातली पयली रात. जागा नवी, कंदिलाचा उजेड नवा, ती रडून रडून टिपंला पोचलेली. मी जीपनं हादरून आलेली, माझे डोळे मिटायला लागलेले. मालक म्हणाले, तू नीज, लेक माझीबी हाय. त्यांनी आढ्यातल्या कडीला झोळी बांधली, तिची दोरी आपल्या पायाच्या अंगठ्याला बांधली आन् झोळीखाली आडवे झाले. पाय हलवला की झोळी हलायची. रातभर माझ्या झोपंत कडीची करकर येत व्हती. ती ऐकून मला वाटलं, किती सुखाचं घर हाय माझं.

सकाळी त्यांचं पोट दुखायला लागलं. आदल्या राती पाव्हण्यासाठी कोंबडं केलं व्हतं, तेच बाधलं असंल म्हणून मी ओव्याचं पाणी दिलं. अंगठ्यावर दोन बारीक ठिपके व्हते. दोरी काचली म्हणून मीच त्यावर हळद दाबली. मग त्यांच्या पापण्या पडायला लागल्या, डोळं उघडंना. म्हातारी म्हणाली, पोरीनं रातभर जागवलंय, झोपू द्या माझ्या शिदूला. आमी त्यांना झोपू दिलं. कैलासनं त्यांच्या अंगावर स्वतःची शाल घातली.

मण्यार व्हती, लय जहरी लांबडं. ती चावली तर कळतबी न्हाई म्हणत्यात, झोपंतल्या माणसाला तर न्हाईच. दवाखान्यात नेलं तवा पायाला दोरीचा तुकडा तसाच व्हता. डॉक्टरनं तो कापला आन् विचारलं, हे काय? 

गाव कसं असतं तुमाला ठावं हाय. मैताला आलेल्या बाया दारातच कुजबुजल्या, पोरगी आली आन् आल्या पावली बाप खाल्ला. नुसतं पोट दुखून गेला एवढंच ठावं व्हतं त्यांना, तरी असं बोलल्या. झोळी, दोरी कळली असती तर जन्मभर त्या लेकराला पांढऱ्या पायाची म्हणून हिणवलं असतं. माझ्या सासूचा एकुलता पोरगा दारात आडवा पडलेला, आन् ती विळा घेऊन त्या बायांपुढं उभी राहिली. परत असं बोलंल तिची जीभ छाटीन, म्हणाली. मग मला आन् कैलासला आत घेऊन तिनं सारिकाच्या डोक्यावर हात ठेवायला लावला. पोटदुखीनं गेला, एवढंच सांगायचं. खरं गावाला न्हाई आन् पोरीला तर कवाच न्हाई. आपल्याला झोपवता झोपवता बाप गेला, हे कुठल्या लेकरानं उरावर घेऊन जगायचं? म्हातारीनं ती झोळी चुलीत घातली आन् आढ्यातली कडीबी उपसून काढली.

तर ते असं.

पुढच्या सुट्टीला सारिका आली ती कामावरचा एक तंबू पाठीवर घेऊनच. तालीम करायची म्हणं, म्हंजी आज्जीची भीती मोडंल. भात झोडून खळं मोकळंच व्हतं. तिनं काठ्या जोडल्या, खुंट्या ठोकल्या, मला दोऱ्या धरायला लावल्या. बघता बघता निळा तंबू उभा राहिला आन् वाडीतली समदी पोरं गोळा झाली. म्हातारी उंबऱ्यावर बसून राहिली, एकदाबी उठली न्हाई. सारिका आत शिरली, चटई टाकली आन् भुईवर उताणी पडली. तंबूच्या तोंडातनं तिचे पाय तेवढे बाहेर आलेले. अगदी बापाचे पाय, तसाच बाहेर झुकलेला अंगठा. ती हाका मारत व्हती, आई ये ना, बघ किती गार वाटतंय.

त्याच टायमाला कैलासची मोटरसायकल आली.

त्यानं गाडी स्टँडवरसुदीक लावली न्हाई, तशीच आडवी टाकली. धावत आला, तिचे पाय धरले आन् तिला बाहेर फरफटत ओढली. भाचीला कवा बोट लावलं नव्हतं त्यानं. ऊठ म्हणाला, ऊठ भुईवरनं. पोरं पळाली. सारिकाचं कोपर खरचटलं व्हतं, पण तिनं तिकडं बघितलंबी न्हाई. ती मामाकडं बघत व्हती. पोर शिकलेली हाय, खुळी न्हाई. ओल बाधती म्हणून कुणी माणसाला असं ओढत न्हाई.

तिनं आमाला तिघांना घरात नेलं, दार लोटलं आन् म्हणाली, आता खरं काय ते सांगा.

मी तोंड उघडायच्या आत कैलासच बोलला. इतकी वर्षं दाबलेलं समदं त्याच्या तोंडातनं बदाबदा पडलं. तुझ्या बाबांचं पोट दुखलं न्हाई, लांबडं चावलं. ह्याच घरात, हितं. मी त्यांच्या खाटेवर निजलेलो. माझ्याऐवजी ते भुईवर. मी हितं घोरत व्हतो आन् ते तितं मरत व्हते. म्हणून मी रातीला ह्या घरात राहत न्हाई, खाटेवर पडलो की मला ते खाली दिसत्यात. एवढा बाप्या माणूस, गुडघ्यात डोकं घालून रडायला लागला.

सारिका त्याच्याजवळ बसली. त्याच्या पाठीवरनं हात फिरवत राहिली. मामा, तुझी काय चूक, पाहुण्याला खाट देतातच, म्हणाली. मला वाटलं, निभावलं. अर्धं कळलं, जे कळायचं नव्हतं ते राहिलं. देवाला हात जोडणार तेवढ्यात तिनं मान वर केली.

"आणि मी कुठं होते?"

कैलासनं रडणं थांबवलं. त्याची नजर वर गेली, आढ्याकडं, जितं कडी नव्हती तितं. मी त्याच्या पायावर पाय दिला. 

म्हातारी बोलली. इतकी शांत बोलली की मलाच क्षणभर खरं वाटलं. "तू माझ्या कुशीत व्हतीस. तुझी आई आन् तू, दोघीबी आत, माझ्यापाशी. लय गुणी लेकरू, रातभर आवाज केला न्हाईस."

बाहेर वाऱ्यानं तंबूचं कापड फडफडत व्हतं. मग सारिकाचा चेहरा हळूहळू वाकडा झाला, ल्हानपणी पडल्यावर व्हायचा तसा.

"म्हणजे बाबांजवळ जागं कुणीच नव्हतं," म्हणाली. "आपण सगळे झोपलो होतो आणि ते एकटेच पडले होते. आई, त्यांना किती एकटं वाटलं असेल गं."

समदं माझ्या जिभेवर आलं. न्हाई गं बाई, एकले नव्हते. तू व्हतीस त्यांच्याजवळ. रातभर ते तुला झोका देत व्हते, मी ऐकलाय, ह्या कानांनी ऐकलाय. जाताना त्यांच्या पायाला तुझीच दोरी व्हती. ह्यापेक्षा बापाजवळ लेक अजून किती असावी? माझ्यासारख्या बाईच्या पोटात हे कसं राहिलं, माझं मला ठावं. म्हातारीनं माझं मनगट धरलं व्हतं, तिची नखं रुतत व्हती. सारिका माझ्याकडं बघत व्हती, मी न्हाई म्हणावं म्हणून.

"व्हय," मी म्हणलं. "एकलेच व्हते."

ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडली. मी तिच्या केसातनं हात फिरवत बसले. माझा पाय आपोआप हलायला लागला, लेकराला झोपवताना हलतो तसा. मी तो हातानं दाबून धरला.