बन्सीभाऊंच्या तोंडावरचा लाल गोल

माळेवस्तीच्या सरपंच विजयमालाबाई, आणि कारभार त्यांच्या नवऱ्याचा, बन्सीभाऊंचा. ग्रामपंचायतीच्या खुर्चीत भाऊ बसायचे, फोन भाऊ उचलायचे, भाषणं भाऊ ठोकायचे. बाई सहीपुरत्या यायच्या आणि चूल विझायच्या आत घरी परतायच्या. गावाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. वृषालीला वाटायचं, पण तिला विचारतंय कोण!

वृषाली सुप्याच्या एका कारखान्यात मालाच्या तपासणीवर होती. तिची आई भारती गावातल्या अंगणवाडीची सेविका. अंगणवाडीच्या दाराशेजारी खांबाला रस्त्यावरच्या दिव्यांची पेटी होती, ग्रामपंचायतीची. तिचं पत्र्याचं दार कुणीतरी उचकटून भंगारात घातलं होतं, आणि आतल्या चालू तारा बरोबर लहान पोरांचा हात पोचेल एवढ्याच उंचीवर उघड्या पडल्या होत्या. भारतीचा जीव सगळा दिवस टांगणीला. शिकवता शिकवता निम्मं लक्ष खांबाकडं.

तिनं बन्सीभाऊंना सांगितलं. "फोटू धाडा," भाऊ म्हणाले. तिनं धाडला. भाऊंनी काय करावं? फोटोत दिसणाऱ्या लिंबाची फांदी छाटून घेतली! दुसरा फोटो गेला, तर मागच्या भिंतीला चुना फासून घेतला आणि वर म्हणाले, "आता काय ऱ्हायलं, भारतीताई? नेमकं कुठं ते सांगत न्हाई तुमी."

हे ऐकून वृषालीचं डोकंच सणकलं. कारखान्यात खराब निघालेल्या पार्टावर लाल खडूनं गोल काढला की बिहारच्या पोरालाही कळतं आणि नगरच्या म्हाताऱ्यालाही. तिथं कुणी 'नेमकं कुठं' विचारत नाही. आणि हा गावचा कारभारी! ह्याच्यापुढं फोटो धरला की हा पेटी सोडून झाड बघतो.

सुट्टीच्या दिवशी तिनं लॅपटॉप घेऊन एक वेबपान बनवलं. फोटो टाका, बोटानं गोल काढा, बाण ओढा, दोन शब्द लिहा, लिंक पाठवा. संपलं. नाव नको, पासवर्ड नको, ओटीपीची भानगड नको. भारतीला एकदाच दाखवलं आणि तिनं स्वतःच्या बोटानं पेटीभोवती असा जाड गोल काढला की बघत राहावं. बाणाशी लिहिलं, "दार बसवा." लिंक भाऊंना गेली.

तासाभरात भाऊ स्वतः दारात हजर.

"आगं पोरी, काय झकास गोल काढलाय! हे तू केलं?" त्यांनी वृषालीला विचारलं.

"तिनंच केलं, भाऊ. पण त्या गोलात काय हाय ते बघितलं का?" भारतीनं विचारलं.

"ते बघू की नंतर. आदी ह्याचं उद्घाटन करू. तालुक्याहून बीडीओ मॅडमला बोलवू. आपलं गाव डिजिटल!"

"भाऊ, आधी दार," वृषाली म्हणाली.

"आगं व्हईल ते. कार्यक्रम तर व्हऊ दे."

बोट दाखवावं कशाकडं आणि हा बोटाचंच कौतुक करतो! वृषालीनं कपाळाला हात लावला.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी फ्लेक्स आला. पुरुषभर उंचीचा, त्यावर मधोमध बन्सीभाऊंचं हसरं तोंड परातीएवढं आणि विजयमालाबाई कोपऱ्यात तिकिटाएवढ्या. खाली 'संकल्पना : मा. बन्सीभाऊ'. वृषालीचं नाव कुठंही नाही, आणि तिला त्याचं काहीएक नव्हतं. तिचं काळीज हललं ते दुसऱ्याच गोष्टीनं. भाऊंच्या माणसांनी तो फ्लेक्स नेमका त्या खांबाला बांधला होता.

"भाऊ, त्याच्या मागं पोरं लपाछपी खेळत्यात," भारती रडकुंडीला येऊन म्हणाली. "आदी तारा दिसत तरी हुत्या!"

"झाकलं ना आता? मंग? तक्रार मिटली की तुमची."

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत खुर्च्या मांडल्या, समोर मोठा पडदा लावला. लॅपटॉपपुढं नारळ फुटला, त्याचं पाणी कळफलकावर उडालं, टाळ्या पडल्या. भाऊंचं भाषण सरता सरेना. शेवटी मॅडमच कंटाळून म्हणाल्या, "अहो, ते चालतं कसं ते तरी दाखवा."

वृषाली उठली. दारात उभी राहून तिनं मोबाईलवर बाहेरचा फोटो घेतला. समोरच्या पडद्यावर फ्लेक्स उमटला. मग तिचं बोट फिरलं आणि बन्सीभाऊंच्या तोंडाभोवती लालभडक गोल पडला. पाठोपाठ बाण आला. बाणाशी अक्षरं आली : "ह्याच्या मागे चालू तारा. इथे लहान मुलं खेळतात."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळी अंगणवाडी हसायला लागली. मॅडम हसल्या नाहीत.

भाऊंनी अक्षरं वाचलीच नाहीत. त्यांना दिसलं ते आपलं तोंड, गोलात पकडलेलं. "माझी बदनामी करतीस व्हय गं?" म्हणत ते तरातरा बाहेर गेले आणि त्यांनी फ्लेक्सला हात घातला. मॅडम निघायच्या आत तो उतरवायचा होता. एका हिसड्यात तो कपाळापासून हनुवटीपर्यंत फाटला आणि भाऊंचा हात तसाच पुढं गेला.

"भाऊ, हात!" भारती जिवाच्या आकांतानं ओरडली.

हात थांबला. बोटांपुढं वीतभर अंतरावर उघड्या तारा होत्या. आणि तारांच्या खाली, खांबाला पाठ टेकून, एक झिपरी पोरगी उकिडवी बसली होती. तिनं ओठावर बोट ठेवलं.

"आजोबा, माझं नाव सांगू नका हां," ती कुजबुजली. "मी लपलेय."

भाऊंनी पोरीला दंडाला धरून ओढलं, छातीशी घेतलं आणि तिथंच मातीत बसकण मारली. वृषालीला वाटलं होतं आपल्याला मजा वाटेल. वाटली नाही.

दुपारीच भाऊंनी वीज बंद करवली आणि लोहार आला, नवं दार घेऊन. भाऊ पेटीपाशी उभेच होते.

"नेमकं कुठं बसवायचं ते गोल काढून दाखवू का, भाऊ?" वृषालीनं विचारलं.

भाऊंनी मान वर केली नाही.

"दिसलं," ते म्हणाले.