गुंडप्पा मापाड्याचा हात

"ह्याच्यात बारदान धरलंय का?" आप्पांनी विचारलं, आणि लातूरच्या त्या गारेगार दुकानात मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"बारदान म्हणजे, काका?" दुकानदार आदर्श हसून म्हणाला.

"पोतं हो. मालाचं वजन पोत्यासकट सांगायलाव का पोतं सोडून? हितं एक किलो दोनशे लिवलंय. वायर, पिशवी धरून का नुस्तं?"

"नुसत्या लॅपटॉपचं. चार्जर आणि बॅग वेगळी."

"मग तसं लिवावं की माणसानं."

माझे वडील गुंडप्पा मापाडी. उदगीरच्या मोंढ्यात एकतीस वर्षं त्यांनी तूर, हरभरा, सोयाबीन तोललं. शाळा सुटली की मी तिथेच पोत्यांवर बसून अभ्यास करायची. आप्पा पोत्याचा कान धरून जरा हलवायचे आणि आकडा सांगायचे. मग तराजू लागायचा, तो निव्वळ रीत म्हणून. दर पाडव्याला ते मला बगलेत धरून उचलायचे. "साडेएकवीस," म्हणायचे, "दप्तर सोडून." एका वर्षी दवाखान्यातल्या काट्यानं वेगळं सांगितलं, तर आप्पांनी डॉक्टरलाच काटा दुरुस्त करायला लावला. काय तो रुबाब. पुढं मोंढ्यात इलेक्ट्रॉनिक काटे आले. काही वर्षं त्यांनी बटणं दाबली आणि एक दिवस गपगुमान घरी येऊन बसले. त्यानंतर त्यांना कुणी काही तोलायला सांगितलं नाही. आम्हीसुद्धा नाही, हे आज लागतं मनाला.

मला किनवट तालुक्यात नोकरी लागली होती. आश्रमशाळांमधून फिरायचं, मुलांच्या तपासण्यांच्या नोंदी करायच्या. एसटी सोडेल तिथून पुढं पायी. लॅपटॉप ज्याचा त्यानं घ्यायचा होता. आप्पा म्हणाले, "तुझ्या खांद्यावर रोज जे बसणार, ते मी तोलून देतो." एवढंच मागितलं त्यांनी. नाही कोण म्हणणार?

आदर्शनं तीन लॅपटॉप मांडले. तेरा इंची, चौदा इंची आणि साडेपंधरा इंची. माझा जीव मोठ्यावर जडला होता. तपासणीच्या तक्त्यात वीस-बावीस रकाने, ते एका नजरेत मावत होते आणि आकड्यांची बटणंही वेगळी होती.

"तो धोंडा घेऊन रानातनं फिरतीस?" आप्पा म्हणाले.

"लहान पडद्यावर डोळे फुटतील माझे, आप्पा."

"डोळ्याला चष्मा मिळतो. खांद्याला काय मिळतंय?"

"मोठ्याची बॅटरी लवकर संपते, मॅडम," आदर्शनं मध्येच तोंड घातलं. "चौदा इंची दिवसभर चालेल. तिकडं लाइटीचा भरवसा नाही म्हणताय ना?"

आप्पांनी बाही मागं सारली. मोंढ्यात मोजताना एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. "लाभ," म्हणत त्यांनी तेरा इंची उचलला. डोळे मिटले. मीही श्वास धरला, लहानपणी धरायची तसाच.

"दोन किलोला थोडं कमी," ते म्हणाले. "तुमचं लिवलेलं खोटं हाय."

आदर्शकडे कुरिअरची पाकिटं तोलायचा छोटा काटा होता. त्यानं लॅपटॉप त्यावर ठेवला. एक किलो दोनशे दहा.

आप्पांनी तो परत उचलला. या हातातून त्या हातात घेतला. त्यांचं मनगट बारीक थरथरत होतं आणि मला ते आजच दिसलं. वर्षभर एकाच घरात राहून मी कुठं बघत होते कोण जाणे.

"चार्जर आणि बॅगपण ठेवा ना," मी घाईघाईनं आदर्शला म्हणाले. त्यानं ठेवली. एक किलो नऊशे चाळीस.

"बघा," मी म्हणाले. "आप्पांनी बारदानासकट सांगितलं होतं."

"हां, मग बरोबर आहे काकांचं," आदर्श म्हणाला. भला माणूस.

आप्पांनी मान हलवली. "न्हाई. मी नुस्ताच उचलला हुता."

"आप्पा, असू द्या ना."

"कसं असू द्यावं? एकतीस वरसं कुणाच्या मालात खोटं मिसळलं न्हाई. आता माझ्यासाठी तू मिसळायलीस व्हय?" आवाज चढला नव्हता. "हात गेला, माय. मला ठावं हुतं. म्हणलं, एवढं एक निभावतंय का बघावं."

मी रडले असते, पण त्यांनी बाही खाली ओढून बटण लावलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"तू उचल. डोळे मीट. कोपर अंगाला लावू नको. आकडा सुचंल तो पहिला धर, दुसऱ्याच्या मागं जाऊ नको."

हे सगळं त्यांनी मला आधी कधीच शिकवलं नव्हतं. पोरीला कशाला मापाडीपण, असं त्यांना वाटायचं, आणि मला तर त्याची लाजच वाटायची. मी मोठा उचलला. पावणेदोन. रोज कोसभर चालायचं म्हटलं तर जड. तेरा इंची अलगद आला, पण ते बावीस रकाने त्यात काही मावणार नव्हते. मग चौदा इंची घेतला. हात थोडा खाली गेला आणि थांबला.

"एक चारशे," मी म्हणाले. "किंचित वर."

"पडदा पुरतोय का?"

"पुरतो. दोनदा सरकवावं लागेल, एवढंच."

"मग?"

"हाच."

आदर्शनं काटा पुढं ओढला. आप्पांनी काट्याच्या ताटलीवर तळहात आडवा ठेवला.

"नका ठेवू," ते म्हणाले. "बांधून द्या."